प्रभारी बाईंची खुर्ची

योगेश्वरी तुरकर नऊ वर्षं प्रभारी प्राचार्य होत्या. प्रभारी म्हणजे काम प्राचार्याचं आणि हुकूम अध्यक्षाचा. बिरसीच्या धान शेतकऱ्याची ही लेक, गावातली पहिली एम.ए. १९९९ साली जुने प्राचार्य निवृत्त झाले, तेव्हा सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून संस्थेने त्यांना तात्पुरतं बसवलं. कायम पदाची जाहिरात मात्र कधी काढलीच नाही. बाईंनी विचारलं की अध्यक्ष केशोराव म्हणायचे, "कायले घाई करता बाई? काम तं चालूनच राहिलं." बाई प्राचार्य झाली तर पोरं डोक्यावर बसतील, हे त्यांचं खरं मत अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. नऊ वर्षांत एक पोर डोक्यावर बसलं नाही. बसले ते केशोरावच, तेही बाईंच्या खुर्चीत.

अध्यक्ष कॉलेजात आले की बाईंनी उठायचं, शिपाई उदारामने फडक्याने खुर्ची पुसायची आणि केशोरावांनी तीत ऐसपैस बसून बाईंना चहाचं बघायला सांगायचं. बाई उठायच्या. आज ना उद्या कायम होऊ, या आशेवर दातओठ खात उठायच्या.

२००८ मध्ये केशोराव थकले आणि मुलगा ओमेश अध्यक्ष झाला. बाईंचाच विद्यार्थी, पुण्याला शिकून आलेला. पहिल्याच भाषणात म्हणाला, "अब जमाना बदल गया. नवी पिढी, महिलांचं नेतृत्व!" सगळ्यांत जोरात टाळ्या बाईंनी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ओमेश केबिनमध्ये आला आणि बाईंच्या खुर्चीशेजारी उभा राहिला. बापासारखाच, वाट बघत. दारात उदाराम फडका घेऊन हजर. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बस ना ओमेश. समोर खुर्ची आहे."

"मॅडम, पप्पा आले की तुम्ही उठत होत्या."

"उठत होती. तोच जमाना काल बदलला म्हणत होता ना तू? का फक्त माइकवरच बदलला?"

"मी अध्यक्ष आहो मॅडम. सोच लो."

"नऊ वर्षं सोचूनच राहिली. ही प्राचार्याची खुर्ची आहे. नाही उठत."

तो न बसताच गेला. आठवड्याच्या आत प्रभार धनेंद्र सरांकडे गेला, बाईंपेक्षा बारा वर्षांनी कनिष्ठ. बाई आपली पिशवी घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. कायम व्हायची आशा संपली. राग तेवढा शाबूत होता.

पुढच्या सोमवारी ओमेश पुन्हा आला. तो पायरीवर असतानाच धनेंद्र सर खुर्ची सोडून उभे. व्हरांड्यापलीकडून बाई बघत होत्या. उदाराम मात्र जागचा हलला नाही.

"फडका धुवाले टाकला जी," तो म्हणाला.

ओमेशने खिशातून रुमाल काढला, खुर्ची स्वतःच्या हाताने पुसली आणि बसला.

"बदलला बुवा जमाना," तासाला जायला खडू उचलत बाई म्हणाल्या. "बाप दुसऱ्याकडून पुसून घेत होता, पोरगा स्वतः पुसते."