पूजेतून उचललेला सुरा

आमची फोर्सची कंपनी तवा पहाडात व्हती. बायकांचीच कंपनी. मी मंठ्याकडची, चौथी शिकलेली, कुक म्हणून भरती झाल्ते. वर्दी व्हती, हजेरी व्हती, पर काम चुलीचं. पहाटं चहा, दुपारी लंगर म्हंजी समद्यांचं जेवण, सांजच्याला लंगर. रस्ता बंद झाला की रॉकेल यायचं न्हाई. मंग समदं लाकडावर.

परवा अंबडच्या बाजारात सुनंनं लाकडं फोडायला पातळ कोयता उचलला. मी ठेवायला लावला. का म्हणून विचारलं तिनं, म्हणून सांगते.

पोस्टवर फोडायला चार हत्यारं व्हती. एक कुऱ्हाड. कुकहाऊसचं छत बुटकं, उगारली की पत्र्याला लागायची. एक खुकरी, चकचकीत. एक माझा घरून नेलेला ऊसतोडीचा कोयता. आन एक काळा सुरा, ड्रायव्हरनं गाडीच्या कमानपाट्यातून घडवून आणलेला.

माझ्या कोयत्याला हवालदार गंगा अक्का हसायची. ती आपल्या केदारखेड्याची. "काशे, टोळीवर आलीस का पोस्टवर?" म्हणायची. तो कोयता ऊसाला बराबर, पर गाठीच्या लाकडात अडकला की निघायचा न्हाई. अक्का म्हणायची धार काय बघती, पाठ बघ. धार दगडावर येती, पाठ येत न्हाई.

खंडे नवमीला अक्कानं समदी हत्यारं धुतली. फावडी, टिकाव, कुऱ्हाड, खुकरी, कोयता, सुरा. कांबळ्यावर मांडून हळदकुंकू लावलं. पुजलेलं हत्यार पूजा उठंपर्यंत हलवायचं न्हाई, हे आपल्या गावात तसंच तिथंबी. चूल सकाळी फोडलेल्या लाकडावर चालू व्हती.

तेवढ्यात पेट्रोलिंगची ऑर्डर आली. सहा जणी, कमांडर अक्का. जाता जाता म्हणली, "आरती मी आल्यावर. तवर कुनी हात लावायचा न्हाई."

दुपारी पाऊस लागला, मंग बर्फ. आमच्या ऑफिसर मॅडम वायरलेसपाशी बसल्या. अक्काचा आवाज आला.

"बेस, अल्फा. नाल्यात दोघी पडल्या. काढल्या. समद्या भिजल्या. ओव्हर."

"अल्फा, किती दूर? ओव्हर."

"पोस्ट दिसून राह्यली. चाल हळू हाय. आग तयार ठेवा. ओव्हर."

बुखारी, म्हंजी खोली तापवायची पत्र्याची शेगडी, विझत आल्ती. फोडलेली लाकडं सरली व्हती. ओंडके व्हते, पर वरून चिंब. मी पूजेकडं गेले. भंवरीबाई दारात उभी राह्यली. ती राजस्थानची, आमची हेडकुक. "काशी, पूजा नहीं उठी," म्हणली.

मी म्हणलं, "अक्काच बाहेर हाय."

भंवरीबाई बाजूला झाली.

कांबळ्यापाशी बसले. खुकरीवर हात गेला. मूठ जरा हलली, म्हणून ठेवली. काळा सुरा उचलला. पाठ बोटायेवढी जाड, लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं. वरची हळद हाताला लागली.

ओंडका उभा केला. सुरा वर ठेवला, पाठीवर दुसरं लाकूड हाणलं. असं फोडायला जागा लागत न्हाई, उगारावं लागत न्हाई. गाठ आली तिथं दोनदा जास्त हाणलं. उकलला. वरून भिजलेला, पोटात कोरडा. त्याच्या फाका, फाकांच्या ढलप्या. भंवरीबाई कधी समोर येऊन बसली कळलं न्हाई. एक एक ढलपी बुखारीत लावून राह्यली व्हती. "पतली कर," म्हणली. "और पतली." जाळ लागला. पत्रा लाल झाला.

मंग त्या आल्या. पाच जणी कापत व्हत्या, दातावर दात. त्यांचे कपडे काढले, कांबळी गुंडाळली, गरम पाणी दिलं. अक्का शेवटी आली. दोन रायफली तिच्या खांद्यावर जादा. आपला पोंचो, पावसाचा डगला, एका पोरीच्या अंगावर घातलेला.

अक्का कापत नव्हती. थंडी पार आत उतरली की कापणं थांबतं. मॅडमनं ते बघितलं आन जल्दी गाडी मागवा म्हणून ओरडल्या. गाडी खाली अडकल्ती.

आम्ही तिला बुखारीपाशी घेतलं. भंवरीबाईनं तिचे पाय आपल्या पोटाशी धरले, मी हात धरले. तिनं इचारलं दोघी आल्या का. आल्या म्हणलं. गाडी यायच्या आधी अक्का गेली.

त्या दोघी पोरी जगल्या. एकीला आता नातू हाय.

अक्काच्या घरी मी पुढच्या सुट्टीत गेले. केदारखेड्याला उतरून चालत. तिची आई दारात बसल्ती. तिनं फोर्सचं काही इचारलं न्हाई, पदकाचं न्हाई. मला पाणी दिलं. मंग म्हणली, "थंडी वाजली का गं तिला?"

मी म्हणलं, "जाळ मोठा व्हता, मावशी. मी तिथंच व्हते."

म्हातारी म्हणली, "मंग बरं."