दगडावर कोरलेलं जेवण

सासरे गेल्यावर दुसऱ्या वर्षी सासूबाई आमच्याकडे परदेशात, क्वीन्सटाउनला राहायला आल्या. पुण्यातला फ्लॅट बंद केला. त्यांचे गुडघे आणि उजवा डोळा बघता एकटं राहणं शक्य नव्हतं. मला कामं लिहून काढून एकेक खोडत जायची सवय आहे. इथे राहण्याचा सरकारी पास, डोळ्यांचा डॉक्टर, बाथरूममध्ये धरायला दांडी, असं सगळं ओळीने झालं. पितृपक्षाचीही तयारी चोख होती. लिटल इंडियातून केळीची पानं, गवार, भोपळा, आमसुलं आणली. वडे आईंनी स्वतः तळले. कावळा तेवढा राहिला.

त्यांनी कॉरिडॉरच्या कठड्यावर पान ठेवलं आणि हात जोडून उभ्या राहिल्या. आल्या त्या साळुंक्या. आईंनी टॉवेल झटकून त्यांना हाकललं.

"अगं आई, इथे कावळे फारसे नाहीत," नवरा म्हणाला. "सरकारने कमी केलेत. साळुंकी चालेल. पक्षी तो पक्षी."

"तुझं लग्न ठरवताना मी असंच म्हटलं असतं, मुलगी ती मुलगी, तर?"

मी स्वयंपाकघरात हसले. पण बराच वेळ गेला, तरी कावळा आला नाही. शेजारच्या चिनी आंटीने येऊन मऊ आवाजात सांगितलं की पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो. मी पान आत आणलं. आईंनी त्या दिवशी जेवायला नकार दिला. पुढेही संध्याकाळी नुसता दूधभात, तोही चिवडल्यासारखा.

"ते रागावलेत," त्या एकदा भाजी निवडताना म्हणाल्या. "घराला कुलूप लावून आले ना मी. त्यांना पाणी द्यायलासुद्धा तिथे कुणी नाही. माझं तिकीट काढ. मी राहीन एकटी."

मी एजंटकडे चौकशी करून ठेवली. दुसरं काय करणार? रागावलेल्या सासऱ्यांची समजूत काढणं माझ्या हातातलं नव्हतं.

त्याच सुमारास म्युझियममध्ये इजिप्तचं प्रदर्शन आलं होतं आणि ऑफिसातून मला दोन पास मिळाले होते. शनिवारी आईंना घेऊन गेले. घरात बसून कुढण्यापेक्षा बरं, एवढाच विचार. ममीच्या दालनात त्या शिरल्याच नाहीत. "मढं बघायला आंघोळ करून कशाला आले मी!" त्या म्हणाल्या, म्हणून मी त्यांना बाकीच्या वस्तू दाखवल्या. शवपेटीच्या कुशीवर रंगवलेले दोन डोळे होते, आतल्याला बाहेरचं दिसावं म्हणून. मेलेल्याच्या वाटची शेतीची कामं करायला छोट्या निळ्या बाहुल्या होत्या आणि दर दहा बाहुल्यांमागे एक मुकादम. मला ती व्यवस्था फार आवडली.

मग एक चुनखडीचा दगड आला. त्यावर एक माणूस खुर्चीवर बसलेला, समोर टेबल, टेबलावर पाव उभे करून ठेवलेले. वर चित्रलिपीच्या ओळी.

"हे काय लिहिलंय?" आईंनी विचारलं.

मी खालची माहिती वाचून सांगितली. "त्याला काय काय जेवायला द्यायचं ते. हजार पाव, हजार घागरी बियर, बैल, बदकं. कबरीजवळून जाणाऱ्यांना विनंती आहे, की हे नुसतं मोठ्याने म्हणा. म्हटलं की त्याला पोचतं."

"नुसतं म्हणायचं? काही ठेवायचं नाही?"

"ठेवलं तर उत्तमच. पण घरची माणसं किती वर्षं येणार? म्हणून दगडावर कोरून ठेवायचं. जो कोणी येईल त्याने म्हणायचं."

"कोणीही? कुठूनही?"

"असं लिहिलंय."

आई दगडाकडे बघत राहिल्या. मागून लोक येत होते, त्यांना मी बाजूने वाट दिली. मग आई हळू आवाजात, पण स्पष्ट, म्हणायला लागल्या.

"हजार वडे. हजार वाट्या खीर. आमसुलाची चटणी. गवार-भोपळ्याची भाजी." थांबल्या. "हजार पुरणपोळ्या."

"तूप?" मी विचारलं.

"तूप तर हवंच. जिलबी नको, शुगर होती त्यांना."

"आई, आता कसली शुगर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पुन्हा दगडाकडे वळल्या. "बरं. हजार जिलब्या. मठ्ठा. आणि कडक चहा, दोनदा." मग पदराने डोळे टिपले. "सकाळी एकदा मागायचे आणि मी तोच पुन्हा गरम करून द्यायचे. ताजा म्हण."

"दोनदा ताजा चहा," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर त्या पायरीवर क्षणभर टेकल्या. "चल," म्हणाल्या, "मला भूक लागलीय."

जवळच्या हॉकर सेंटरमध्ये शाकाहारी स्टॉल शोधून मी दोन थोसै, म्हणजे इथले डोसे, आणले. आईंनी एक संपवला आणि माझ्यातला अर्धा मागितला. चटणी बोटाने चाटून त्यांनी हात पुसले.

"तिकिटाचं काय केलंस?"

"चौकशी केलीय. पैसे भरले नाहीत अजून."

"राहू दे मग," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर बघू."