चष्मा लावून सांग

मामा गेला हे मला कुणी सांगितलंच नाही. मामा कुणामुळं गेला ते आधी सांगितलं. बार्शीत एका हळदीच्या कार्यक्रमात माझी मिमिक्री होती, तिथंच मुक्काम केलेला. सकाळी उठून चहाचा पहिला घोट घेतोय तोवर माढ्याहून आप्पांचा फोन. आप्पा म्हणजे मामाचे थोरले चुलतभाऊ. घराण्यातलं शेवटचं वडीलधारं माणूस, आणि स्वतःच्या हिशेबानं पहिलं. हॅलो नाही, कुटं हायेस नाही, थेट म्हणाले, "सुनेनं खाल्लं रं दत्तूला." मला काही झेपेना. काय झालंय, कुणाला झालंय, कधी झालंय, एकेक विचारत गेलो तेव्हा कळलं की मामा आता नाही... म्हणजे माझ्या सख्ख्या मामाच्या मरणाची बातमी मला आप्पांच्या मतातून खड्यासारखी वेचून काढावी लागली. मामा असता तर फोन हातात घेऊन म्हणाला असता, आप्पा, आधी चष्मा लावून सांगा.

दीड महिना होत आला. अशा लेखात हळवं व्हायचं असतं म्हणतात. मला ते जमणार नाही. मी पोटासाठी लोकांचे आवाज काढतो, हसवतो, कुणाच्या तेराव्याला पण माझ्याकडं बघून लोक आधीच हसायला लागतात. पण सध्या माझं डोकं फिरलंय आणि ते का फिरलंय हे सांगायचं तर चष्म्यापासूनच सांगावं लागंल.

दत्तूमामा आमच्या तालुक्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचा. समोर माईक, गळ्यात दोरीनं बांधलेला जाड काचांचा चष्मा. त्याची एक खोड होती. जे डोळ्यानं बघितलंय किंवा पलीकडच्या स्टँडवरून फोनवर पक्कं कळलंय, तेवढंच तो माईकवर बोलायचा, तेही चष्मा लावून. "कुर्डुवाडी गाडी फलाटावर लागलेली आहे." बास. "बार्शी गाडी अजून आलेली नाही. कधी येईल, मला माहीत नाही." आता मला सांगा, चौकशीच्या खिडकीतून 'मला माहीत नाही' असं ऐकलं की माणूस पेटणार नाही तर काय? लोक काचेवर थापा मारायचे. एकदा एक पाहुणा ओरडला, मग बसलास कशाला बे तिथं? मामा शांतपणे म्हणाला, "आली की सांगायला." पण एखादी लेकुरवाळी बाई घायकुतीला येऊन विचारायला लागली, की अंदाज तरी सांगा हो, तर मामा आधी माईक बंद करायचा, मग चष्मा काढून छातीवर सोडायचा, खिडकीतून अर्धा बाहेर वाकायचा आणि म्हणायचा, "अर्धा तास लागंल असं मला वाटतंय. पण हे दत्तू बोलला, खिडकी न्हाय बोलली."

शाळा सुटली की मी त्या खिडकीत जाऊन बसायचो. माझी मिमिक्री तिथंच सुरू झाली, पहिला आवाज मामाचाच. नाकातला, जरा ओढलेला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम ठेवल्यासारखा. सातवीत असताना मी रडत गेलो आणि म्हणालो, मास्तर माझ्यावर खार खाऊन हायत. मामानं स्वतःचा चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवला. मला समोरचं सगळं स्टँड पाण्यात बुडाल्यागत दिसायला लागलं. "आता सांग, काय केलं त्यांनी?" म्हटलं, मला शेवटच्या बाकावर बसवलं. "हे झालं. आता चष्मा काढून सांग." म्हटलं, त्यांना मी आवडत नाही. मामा म्हणाला, "हे तुझं. दोन्ही खरं असंल भाच्या, पण ज्वारी आणि खडे एका पिशवीत भरू नको. दळताना जातं मोडतं."

म्हणून मामा मतं नसलेला सरळ माणूस होता असं समजू नका. मतांचं तर पोतं होता तो. मंगळवेढ्याच्या ज्वारीपुढं जगातलं बाकीचं धान्य भुसा, वांगं न खाणारा माणूस भरवशाचा नाही, आणि जावई कितीही चांगला असला तरी त्याला गाडीची किल्ली द्यायची नाही, असली मतं तो तावातावानं मांडायचा. मामी होती तोवर ती वैतागून म्हणायची, ह्यांचा चष्मा कायम छातीवरच. पण चष्मा छातीवर असायचा, हा मुद्दा आहे. ऐकणाऱ्याला कळायचं की आता दत्तू बोलालाय, खिडकी नाही. मी आप्पांची नक्कल करून दाखवली की मामा पोट धरून हसायचा. डोळे पुसायचा. आणि हसून झालं की प्रत्येक वेळी तोच प्रश्न, "हे आप्पा बोलला व्हता, का तू बोलवलंस?" मला राग यायचा. अरे, मिमिक्री आहे ही, कोर्टातली साक्ष आहे का?

नोकरी संपल्यावर मामा सोलापुरात संतोषदादाकडं राहायला आला. दादा म्हणजे त्याचा एकुलता मुलगा, कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. घरात मामा, सुनीतावहिनी आणि त्यांचं लहान पोरगं. सोलापूरकरांना पाण्याचं सांगायला नको. चार-पाच दिवसांनी नळ येतो, ज्या वेळेला येईल त्या वेळेला, आणि तेवढ्यात वर्षाचं भरून ठेवल्यासारखी धावपळ. मामाला आयतं काम मिळालं. नळाच्या वर भिंतीला खिळा ठोकून त्यानं चष्मा तिथं अडकवायला सुरुवात केली. पाणी आलं की चष्मा लावायचा, तोटीखाली तळहात धरायचा आणि घरात वर्दी द्यायची, "पाणी आलेलं आहे." अख्खी गल्ली 'आज येणार म्हणालेत' यावर भांडी मांडायची. मामा तळहात ओला झाल्याशिवाय बोलायचा नाही. वहिनी त्याला मामाच म्हणायची, सासऱ्याला आमच्याकडं तसंच म्हणतात. ती चिडवायची, की मामा, तुमी पाण्याला पण फलाटावर लागू देता मगच सांगता.

त्याच नळापाशी मामा गेला. सकाळी, पाणी चालू असताना. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एवढंच म्हणाले. पण आमच्या लोकांना एवढ्यानं भागतंय होय? दुपारपर्यंत गल्लीत पसरलं की सुनेनं म्हाताऱ्याला हंडे उचलायला लावले. संध्याकाळी त्यात भर पडली की ती आत मोबाइल बघत होती. दुसऱ्या दिवशी माढ्याला पोचेस्तोवर मामानं दोनदा हाक मारली होती आणि तिनं दार लावून घेतलं होतं. हे सांगणाऱ्यांतलं कुणी तिथं नव्हतं. शेजारच्या गोदाक्का वहिनीच्या घरी डबा घेऊन यायच्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि बाहेर जाऊन तेच सांगायच्या. दादा गाडी सोडून आला, आणि आल्यापासून बायकोशी धड एक वाक्य बोलला नाही. त्याला काय वाटत होतं मला माहीत नाही. मी त्याच्या डोक्यात शिरलो नव्हतो. पण तो तिच्याशी बोलत नव्हता, हे मी बघत होतो. आणि वहिनी... आवाज बसलेली बाई, कामाला लागली की थांबायची नाही. एकदा मला जिन्यात म्हणाली, "भाऊजी, रोज रोज ऐकून आता मलाबी वाटालंय, लावला असंल का मी दार?"

तेव्हापासून डोकं फिरलंय ते फिरलंय.

तेराव्याला वहिनीनं पहाटेपासून एकटीनं स्वयंपाक केला. अंगणात मांडव, पंगत बसली, आप्पा पहिल्या पानावर. आमच्यात गोडाचा पहिला घास घरच्या सुनेनं वाढायचा आणि थोरल्यानं तो तोंडात घातला की बाकीच्यांनी जेवायचं. त्या घासानं सुतक फिटतं. घर परत चालू होतं. वहिनी गव्हाची खीर घेऊन आली, वाकली, आणि आप्पांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. वहिनी तशीच वाकलेली, पळीतली खीर थेंब थेंब जमिनीवर. दादा खाली मान घालून स्वतःच्या पानाकडं बघत बसलेला.

मी उठलो. काय करणार होतो ते मला ठाऊक नव्हतं, तोंडातून आवाज आला तो मामाचा. नाकातला, ओढलेला. "प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं." पंगतीला कुणीतरी दचकून ग्लास सांडला. मी थांबलो नाही. मामाच्याच आवाजात एकेकाला विचारत गेलो. गोदाक्का, तुमी बघितलं? चष्मा लावून सांगा. गोदाक्का पदर तोंडाला लावून म्हणाल्या, बघितलं न्हाय की, पण सगळी गल्लीच बोलालीय. आप्पा, तुमी? आप्पांचा हात अजून पानावर आडवाच. म्हणाले, मी माढ्यात व्हतो, पण मला कळत न्हाय व्हय, केस काय उन्हात पांढरे केले? हे वाक्य मी आयुष्यभर हजार तोंडांतून ऐकलंय. मी पुरता पेटलो आणि मामाच्या आवाजात सगळ्यांना ठणकावलं, "माझ्या सुनेची काही चूक नव्हती."

कुणी काही बोलायच्या आत वहिनीनं खिरीचं पातेलं खाली ठेवलं. "भाऊजी, हे मामा बोलले का तुमी बोलालाय?"

मी खाली सांडलेल्या खिरीकडं बघायला लागलो.

"तुमी व्हता तितं?"

नव्हतो. बार्शीला झोपलो होतो, आदल्या रात्रीच्या टाळ्या कानात घेऊन.

"मग बसा," ती म्हणाली. आणि पदरानं हात पुसून पंगतीकडं तोंड करून उभी राहिली. "आजपातुर मला सगळ्यांनी सांगितलं. इचारलं कुणीच न्हाय. पाणी आलं तवा मामा उठले, ते मी ऐकलं. त्यांनी मला हाक मारली न्हाय. मी पण उठले न्हाय. पोरगं रातभर तापलेलं, नुकता डोळा लागला व्हता, हललं तर परत रडंल म्हणून पडून राहिले. मग पिंप भरून फरशीवर पाणी वाहायचा आवाज आला. मामा पिंप कधी वाहू देत नव्हते, म्हणून पळत गेले. ते भिंतीला टेकून पडले व्हते. पाइप पिंपातच व्हता. घागरी कोपऱ्यात रिकाम्या. एवढं मी बघितलंय. मी आधी उठले असते तर मामा राहिले असते का, ते मला म्हाईत न्हाय. डॉक्टरला इचारलं, त्यांनाबी म्हाईत न्हाय."

मी मंचावर बरीच धीट माणसं बघितलीत. स्वतःच्या विरोधात जाणारं वाक्य, 'मी पण उठले नाही', कुणी मागितलेलं नसताना असं भर पंगतीत ठेवणारं माणूस बघितलं नव्हतं. ते वाक्य गाळलं असतं तर कुणाला कळलं असतं? मामाला वाटायचं माझ्या नाकावर चष्मा ठेवून त्यानं मला शिकवलं. शिकली होती ती. ती त्याच्या शेजारी पाणी भरत होती.

आणि आप्पा काय म्हणाले सांगू? "बघा, म्हटलं नव्हतं? पडून राहिली." उठले, चपला पायात सरकवल्या आणि न जेवता गेले. तिच्या तोंडून पहिल्यांदा खरं बाहेर पडलं आणि यांनी ते जागच्या जागी उचलून आपल्या पोत्यात भरलं. त्यांच्या मागं आणखी दोघंतिघं उठले. तेवढ्यात दादानं आपली पत्रावळ पुढं सरकवली. वर न बघता म्हणाला, "मला वाढ." तिनं वाढलं. त्यानं पहिला घास खाल्ला. तेरा दिवस उशिरा का होईना, हे मी दादाच्या नावावर लिहून ठेवलंय. राग अजून गेलेला नाही.

त्या संध्याकाळी आमच्या खानदानाच्या ग्रुपवर आप्पांचा मेसेज आला, सुनेनं सगळ्यांसमोर कबूल केलं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी विचारलं, काय कबूल केलं? अजून उत्तर नाही. पंगतीला बसून तिचं अक्षर न् अक्षर ऐकलेल्या लोकांनी पण हात जोडलेत. लोक खोटं बोलले असते तर मला एवढा राग आला नसता, खोटं पकडता येतं. हे लोक खोटं बोलतच नाहीत. त्यांना जे वाटतं ते त्यांना दिसलेलंच असतं. दळण सगळं एकात, आणि जातं मोडतं ते दुसऱ्याचं.

परवा दुपारी दादाच्या घरी गेलो होतो. चष्मा अजून नळावरच्या खिळ्याला आहे, वहिनीनं तो हलवलेला नाही, काचा मात्र पुसलेल्या होत्या. पोरगं खेळत होतं. वहिनी आतून म्हणाली, भाऊजी, आज नळाचा दिवस, पाणी आलं का बघता का? मी खुर्चीत रेलून मोबाइल बघत होतो, तिथूनच म्हटलं, आलं असंल की, शेजारी भांडी वाजालीत. ती बाहेर आली. खिळ्यावरचा चष्मा काढला आणि माझ्यापुढं धरला.

मी उठलो. चष्मा लावला. अंगण पाण्यात बुडाल्यागत दिसायला लागलं. तोटी सोडून खाली तळहात धरला... नुसती हवा. फुसफुस करून तीही थांबली. मामाचा आवाज अगदी ओठावर आला होता, तो गिळला आणि माझ्याच आवाजात सांगितलं, "वहिनी, पाणी अजून आलेलं नाही. कधी येईल, मला माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि रिकाम्या घागरी नळाखाली मांडायला लागली.