हेस्केथच्या वाटेवरची इर्जिक

बेटावर प्रवासी जहाजांचा हंगाम दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता, तेव्हा ओस्विन बेलोने शंख फुंकला. मोर्न रूज गावात इर्जिकीचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचे काम उरकण्याचा, शंख वाजला की कोयता-फावडे घेऊन निघायचे. कोणाच्या कामासाठी, हे विचारायचे नसते. गंधकाच्या कुंडाकडे चढणारी वाट दरडीखाली गेली होती आणि जहाजातून उतरणाऱ्या प्रवाशांना ओस्विन त्याच वाटेने नेणार होता.

ती वाट क्लेमेंशिया आणि तिचा नवरा हेस्केथ यांनी तीस वर्षांपूर्वी डोंगरात खोदली होती. ओस्विन बसने प्रवासी आणायचा आणि हेस्केथ त्यांना वर न्यायचा. तीन वर्षांपूर्वी ओस्विनने आणलेला एक प्रवासी, हेस्केथ नको म्हणत असताना, फुगलेल्या ओढ्यात शिरला. हेस्केथने त्याला काठाला लावले आणि स्वतः वाहून गेला. प्रवासी पाचच्या आत जहाजावर पोहोचला. जहाज वेळेवर सुटले. आठवड्याने ओस्विनने, हेस्केथच्या सख्ख्या चुलतभावाने, धक्क्यावर जहाजाच्या एजंटाला सांगितले की हेस्केथ पिऊन होता, त्या घराच्या हाती माणसे देण्यात अर्थ नाही. वाट दाखवायचे कामही ओस्विनकडे गेले. हे बोलणे क्लेमेंशियाने दहा हातांवरच्या आपल्या आल्याच्या पाट्यांमागे बसून ऐकले होते.

ती भांडली नाही. लोकांना तो विधवेचा सोशिकपणा वाटला. तो सोशिकपणा नव्हता. मेलेल्या माणसाच्या बदनामीची दाद कोणत्या कचेरीत मागायची, हे तिला ठाऊक नव्हते, आणि जिथे मागता येते तिथे ओस्विन स्वतःहून येईपर्यंत थांबायची तिची तयारी होती.

इर्जिकीत गाण्याला एक पुढारी लागतो. तो यजमानाबद्दल वाटेल ते गाऊ शकतो, यजमानाने ते हसत ऐकायचे आणि सर्वांना जेवू घालायचे. आणि गाणे थांबले की फावडी थांबतात. जी चाल माणसांना एकमेकांच्या उपयोगी पाडते, तिनेच त्यांना एकमेकांच्या कह्यातही ठेवलेले असते. वीस वर्षे मोर्न रूजचे गाणे क्लेमेंशिया सांगत आली होती. तिला येताना पाहून ओस्विनने ती क्षमा समजली.

“वहिनी, आलात, बरं वाटलं.”

“शंख वाजल्यावर यावंच लागतं,” ती म्हणाली.

सकाळभर तिने त्याच्या पोटावर आणि त्याच्या बसच्या ब्रेकवर गाणी रचली. सगळे हसले, तोही हसला. दुपारी निम्मी दरड हटल्यावर तिने चाल बदलली: हेस्केथ पाण्यात का उतरला? चाळीस गळ्यांनी ध्रुवपद उचलले: सांग, ओस्विन, सांग. तो रमची बाटली फिरवत राहिला. तीनदा विचारून ती गप्प झाली. म्हाताऱ्या अल्सीदने ढोलावर तळहात ठेवला. फावडी थांबली.

“वहिनी, सकाळी आठला जहाज लागतंय. हा काय खेळ मांडलाय?”

“गाण्यात विचारलंय, गाण्यातच सांग बाबा,” अल्सीद म्हणाला. “आवाज फुटत नसेल तर मार एक घोट, बाटली तुझीच आहे.”

हशा पिकला, पण फावडे कोणी उचलले नाही. ओस्विन उठून जाऊ शकला असता. मग त्याच्या शंखाला पुन्हा कोणी आले नसते, छप्पर चढवायलाही नाही आणि मयताचा खड्डा खणायलाही नाही. शेवटी तो पुटपुटल्यासारखा गायला, की हेस्केथ शुद्धीवर होता, माझ्या माणसाला काढायला उतरला, मी खोटं बोललो.

“मागच्यांना ऐकू आलं नाही,” क्लेमेंशिया म्हणाली.

तिने ते तीनदा म्हणून घेतले. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फाटला, आणि तो फाटत असताना तिने त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. संध्याकाळी वाट मोकळी झाली. त्याचा खारा मासा आणि भाजलेला नीरफणस तिने तोंडाला लावला नाही.

सकाळी पांढरे जहाज धक्क्याला लागले. ओस्विन प्रवाशांसाठी नावाचा फलक धरून उभा होता आणि त्याच्या पाठीमागे हमाल ध्रुवपद गुणगुणत होते. एजंटाने अर्थ विचारला. टोप्या विकणाऱ्या एका बाईने तो इंग्रजीत नीट समजावला. एजंटाने वळून ओस्विनकडे पाहिले.

मग ओस्विन तिच्या पाट्यांपाशी आला. “झालं ना आता समाधान, वहिनी?”

तिने प्रामाणिकपणे मनात पाहिले. हेस्केथचे नाव धुऊन निघाले की मनातले हे जळणे संपेल, असे ती तीन वर्षे धरून चालली होती. नाव धुऊन निघाले होते, आणि ते संपले नव्हते. याची तिला थोडी भीती वाटली.

“हेस्केथची बदनामी तीन वर्षं चालली, ओस्विन. तुझा आज पहिला दिवस आहे.”

प्रवासी शिडी उतरू लागले तसे तिने हमालांना पुढचे कडवे सांगितले.