आईच्या मोराची वाकडी मान

मैत्रिणींनो, आई रविवारी पुण्याला परत जातेय. त्याआधी तिने कागदावर काढलेली मोराची रांगोळी दाराशेजारच्या काचेवर सँडब्लास्ट करायची, असं ठरवलं होतं. काच एकच, त्यामुळे चुकायची भीती.

यात काचेवर आधी शीट चिकटवतात आणि नक्षीपुरती कापून काढतात. उघड्या भागावरच वाळूचा मारा बसतो. माझ्या छोट्या कटिंग मशीनवर पातळ प्लास्टिकचं व्हायनल झटपट कापलं गेलं. पण आज सकाळी काचेच्या जुन्या तुकड्यावर करून पाहिलं, तर ते माऱ्याने फाटलं आणि नक्षीच्या कडा पार विस्कटल्या.

मग जाड रबरी शीट आणली. ती मशीनला कापेना. शेवटी आईची रांगोळी ट्रेस करून मी गराजमध्ये हातानेच कटर चालवायला बसले.

आई चहा घेऊन शेजारी. "अगं, मोराच्या मानेपाशी माझा हात थरथरला होता. सरळ कर की."

"व्हायनलवर मशीनने सरळ केली होती, आई. मला ती तुझी वाटेना."

तिने चहाचा कप बाजूला ठेवला. म्हणाली, "बरं, चोच तरी मला कापू दे."

चोचही किंचित वाकडी झाली. दुपारी वाळूचा मारा करून शीट सोलली, तर काचेवर दुधाळ मोर, थरथरत्या मानेसकट. आई त्यावरून बोट फिरवत म्हणाली, "चला, आता रांगोळी काढायचा कंटाळा केलास तरी चालेल."

तुम्ही कुणाच्या हातची अशी वाकडी रेघ जपून ठेवली आहे का?