रानातली भाकरी

पुण्याजवळच्या मांजरी गावातला ऊस जाऊन आयटीवाल्यांचे टॉवर आले आणि मैनाच्या धाकट्या जावेनं, तेजस्विनीनं, अंथरूण धरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नैराश्य. मग काय, जावेला हातात चहा, सासूचे लाड! मैनाचा नुसता जळफळाट व्हायचा. वर्षभर तिलाही झोप नव्हती, अन्नाला चव नव्हती. पण ती रोज पहाटे रानात न्यायची भाकरी बांधायची. लोक म्हणायचे, "मैना खमकी हाय."

जावेला दवाखान्यात नेतानाही भाकरीचं फडकं मैनाच्या हातात होतं.

"हे कुणाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रानात न्यायचीय."

"रान तर विकलंत ना?"

मैनानं फडक्याची गाठ आवळली. डॉक्टरीणबाईंनी दुसरा केसपेपर काढला. "अंथरूण न धरताही नैराश्य येतं. नाव सांगा."

तेजस्विनी पुटपुटली, "आक्का, तुम्हाला रोज उठता येतं म्हणून वर्षभर मी तुमच्यावर जळत होते."