सातवी आणि आठवी लडी

रंगकारखान्यात छटा पारखणाऱ्याची खुर्ची पूर्वी मालकाच्या गोतावळ्यातच फिरत असे. मालकाचे कोणी नसूनही त्या खुर्चीवर आलेल्या अप्पांनी ती रीत मोडीत काढून परीक्षा सुरू केली. उत्तरेच्या खिडकीशी टेबल, त्यावर सुताच्या बारा निळ्या लडी, त्या फिक्यापासून गडदाकडे लावायच्या. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फक्त क्रमांक. इथे वशिला चालत नाही, याचा अप्पांना कोण अभिमान!

याच नियमावर विसंबून त्यांची थोरली लेक कारखान्यात अकरा वर्षे राबली. सगळे तिला ताई म्हणत. कुठल्या छटेला कोणता रंग किती घालायचा, ती मापे तिला तोंडपाठ. सुटीच्या दिवशीही घरच्या खिडकीत उरल्यासुरल्या लडी मांडून ती डोळे शिणवत बसे. अप्पांच्या मागे खुर्चीवर कोण, हे ठरवायला आधी तीनदा परीक्षा झाली; बाराही लडी कुणालाच जमल्या नाहीत, ताईही तीनदा हुकली. आता अप्पा निवृत्त होत होते आणि वयाच्या अटीमुळे ताईची ही शेवटची संधी होती.

या खेपेला धाकटीही बसली, घरी कंटाळा येतो म्हणून.

"ताई, निळ्यात एवढं पाठ काय करायचं असतं गं? दिसतं की!"

चार मिनिटांत लडी लावून ती बाहेर आली. ताईला पाऊण तास लागला.

अप्पांनी क्रमांक उघडले. धाकटीच्या बाराही लडी बरोबर. ताईच्या दहा.

कागद जपून ठेवणे हा ताईचा स्वभाव. तिने कपाटातून जुन्या तीन उत्तरपत्रिका काढल्या आणि शेजारी चौथी ठेवली. चारही वेळा सातवी आणि आठवी लडीच उलटसुलट झाली होती. अकरा वर्षांत चूक जागची तसूभर हलली नव्हती.

"परीक्षा चोख झाली," अप्पा घसा खाकरून म्हणाले. "तुझेच कष्ट थोडे कमी पडले."

"आणि धाकटीचे किती पडले, अप्पा?"

अप्पा उत्तरपत्रिकांवरचे क्रमांक पुन्हा ताडून पाहू लागले.

"तुम्हाला तरी हा डोळा कुठल्या परीक्षेत मिळाला?"

"तो माझ्या आईचा. ती तर नुसत्या नजरेनं..."

"म्हणजे खुर्ची गोतावळ्यातच राहिली. फक्त गोतावळा बदलला."

तेवढ्यात धाकटी दारातून डोकावली. "ताई, उद्यापासून मापं शिकवशील ना? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

ताईने चारही कागद एकावर एक ठेवून दोऱ्याने बांधले.

"शिकवीन," ती म्हणाली. "ती कष्टानं येतात."